अस्सल खोबरेल

मिरजोळ्याच्या कारखान्यात साहेबांनी एसी बसवला आणि दुसऱ्याच दिवशी हवेच्या दाबावर चालणारं रिवेटचं मशीन मलूल पडलं. रिवेट अर्धीच दबायची. मशीनच्या कंपनीने दुरुस्तीला पुण्याहून संस्कृती नावाची पोरगी पाठवली. वीस वर्षं फिटर असलेल्या मला ही काय शिकवणार?

"हवेचा दाब बरोबर आहे," मी म्हटलं. "तुमचं मशीनच भंगार."

तिने मशीन खोललं. आत पांढरा, गोठलेला थर होता.

"काका, यात खोबरेल कोणी घातलं?"

"मी! आमच्या घाण्यावरचं, अस्सल. तुमच्या डब्यातलं तेल कोण घालतंय?"

तिने एसी बंद केला. तासाभरात मशीनने रिवेट एका दमात दाबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बघितलंत साहेब?" मी म्हटलं. "तुमचा एसीच भंगार निघाला."