घड्याळाच्या मनोऱ्यावरची खोली

बाबांनी एकतीस वर्षं इमारतींना बांबूच्या परांच्या बांधल्या. गुडघा कामातून गेला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, आता शिडीसुद्धा चढायची नाही. माणूस घरात बसून कुढायला लागला, म्हणून मी माझा जुना गेमचा कन्सोल त्यांच्या हातात दिला. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, दिवसभर बाहेर असते.

गेममधल्या मारामाऱ्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यातलं शहर तेवढं त्यांना आवडलं. धुराडी, पूल, छपरं, सगळीकडे चढून झालं. राहिला मधोमध असलेला घड्याळाचा मनोरा. घड्याळाच्याही वर एक खिडकी दिसते, पण तिथे आजवर कुणी खेळाडू पोचलेला नव्हता.

बाबांना अकरा दिवस लागले. दुकानाच्या छपरावरून पळत सुटायचं, उडी मारायची आणि हवेतच गर्रकन फिरायचं. पाठ मनोऱ्याच्या भिंतीला टेकली की गेममधला माणूस क्षणभर घसरत नाही. तेवढ्यात दुसरी उडी. अशा पाच उड्यांनंतर घड्याळावरचा कठडा, आणि तिथून अंग मुडपून खिडकीत. आत एक टेबल, एक खुर्ची आणि पाण्याचा पेला. बाबा त्या खुर्चीत बसले आणि मला कामावर फोन केला. "अख्खं शहर दिसतंय गं."

मी त्या खोलीचा फोटो खेळाडूंच्या पानावर टाकला. पहिल्याच तासात लोकांनी बाबांना खोटारडं ठरवलं. तिसऱ्या दिवशी गेमच्या कंपनीचं पत्र आलं: निषिद्ध सॉफ्टवेअर वापरल्यामुळे खातं बंद.

बाबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे मी चोरी करून वर गेलो?"

"यंत्र ठरवतं हो बाबा. माणूस बघतही नाही."

"मग माणसाला बघायला सांग. मी बांधलेल्या परांचीवर दोनशे माणसं चढली. एकानंही कधी विचारलं नाही, की गाठ खरी मारलीय का खोटी."

मी कंपनीला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तेच उत्तर, एक शब्दही न बदलता. शेवटी रविवारी मी माझं खातं उघडून दिलं आणि फोन अशा कोनात धरला, की त्यांची बोटं आणि पडदा दोन्ही दिसावीत. तीनदा पडले. चौथ्यांदा वर गेले. मधे कुठेही न कापता तो व्हिडिओ मी कंपनीला पाठवला.

चार दिवसांनी खातं सुरू झालं. गैरसोयीबद्दल खेद आहे, एवढीच ओळ. त्याच आठवड्यात गेम नव्यानं अद्ययावत झाला. बाबा मनोऱ्याकडे गेले, पाच उड्या बरोब्बर मारल्या, कठड्यावर पाय ठेवला आणि सरळ खाली आले. कठडा कंपनीनं निसरडा करून टाकला होता.

बाबांनी कन्सोल बाजूला ठेवला. मग म्हणाले, "लिही. आधी मला चोर म्हणालात. चोर नाही हे कळल्यावर माफी मागायची सोडून माझी वाट मोडलीत. जिथे कुणी जायचंच नाही, तिथे खुर्ची कशाला ठेवलीत?"

याला उत्तरच आलं नाही.

पुढचा महिनाभर जेवायला हाक मारली तरी "आलो, आलो" म्हणत बसून राहायचे. आईनं दोनदा ताट झाकून ठेवलं, तिसऱ्यांदा कन्सोलची वायर काढून घेतली. तरी बाबांनी मनोऱ्याच्या मागच्या बाजूची पन्हळ शोधलीच. तीच पाठ टेकायची युक्ती, फक्त उलट्या अंगानं, आणि कठड्याला पाय न लावता.

या वेळी मला वाटलं, ते कुणाला सांगणार नाहीत. पण त्यांनीच मला फोन धरायला लावला. प्रत्येक बटण मोठ्यांदा सांगत, सावकाश, दोनदा करून दाखवलं. "कुठे थांबायचं, कुठे नाही, सगळं नीट दिसू दे. टाक आता. किती जणांना चोर म्हणतात ते बघू."

संध्याकाळपर्यंत त्या एवढ्याशा खोलीत चाळीसेक खेळाडू गोळा झाले होते. खुर्चीसाठी रांग लागली होती. ज्यानं सर्वात आधी खोटारडा म्हटलं होतं तोही पोचला आणि त्यानं लिहिलं, "काका, चुकलो."

"हा निदान बोलला तरी," बाबा म्हणाले. कंपनी मात्र आजतागायत गप्प आहे. बाबांचा राग अजून उतरलेला नाही, आणि मीही तो उतरवायला जात नाही.