गाडी सांगेल तसं

वस्तीत मला सगळे भोंगाबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागेही म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. पाणी आणि स्वच्छतेच्या कार्यक्रमाची जी गाडी रोज सकाळी गल्ल्यांतून फिरते, तिच्या भोंग्यातला आवाज माझा. गाडी चालवणारा माझा नवरा. लोक म्हणायचे, बिचाऱ्याचं घरात हिचं ऐकून पोट भरत नाही, म्हणून दिवसभर डोक्यावर घेऊन फिरतो.

आवाज काही गोड नाही माझा. पण मजकूर मी लिहिते आणि तो लोकांना कळतो. कार्यालयातून कागद यायचा, 'हस्तप्रक्षालनाचे महत्त्व'. मी लिहायचे, 'बाळाची शी धुतलीत? आधी साबणाने हात धुवा, मग पातेल्याला हात लावा.' मॅडम, म्हणजे आमच्या प्रचार विभागाच्या प्रमुख, वाचून हसायच्या आणि मंजूर करायच्या. शाळा अर्धवट सोडलेल्या बाईला त्यांनी साबणाच्या खोक्यांच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर रजया टांगून, माईकसमोर उभं केलं होतं. त्यांच्यावर मी जीव टाकायचे, हे आता सांगताना लाज वाटते.

वस्तीत नळ आले तेव्हा ते पाणी प्यायला कुणी तयार नव्हतं. औषधाचा वास येतो म्हणायचे. मग मी मजकुरात स्वतःच्या पदरचं एक वाक्य घातलं: 'पाणी तपासलेलं आहे, बिनधास्त प्या. माझ्या घरी आम्ही हेच पितो.' कोणत्या तारखेला तपासलं तेही मी सांगणार होते. मॅडम म्हणाल्या, "तारीख नको. नसली की तेच पुन्हा पुन्हा वापरता येतं." मला ते शहाणपणाचं वाटलं.

सगळ्यांत आधी तो नळ सोडला पाचव्या गल्लीतल्या माझ्या धाकट्या बहिणीने. दारात उभी राहून, चारचौघींना दिसेल असा पेला भरून प्यायली. म्हणाली, "माझी ताई कडू बोलते, पण खोटं नाही बोलत." तिच्यामागोमाग अख्खी गल्ली प्यायली.

मग गेल्या सोमवारी संध्याकाळी पाणी तपासणारे गृहस्थ मला जिन्यात भेटले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "बाई, मैल्याची नळी फुटलीय, पिण्याच्या पाइपाला अगदी लागून. सगळ्या वस्तीचं पाणी बिघडलंय. उकळल्याशिवाय घोट घेऊ नका. मॅडमना अहवाल दिलाय."

मी धावतच मॅडमच्या खोलीत गेले. त्या शांत होत्या. "लगेच नवा मजकूर करा," म्हणाल्या. मी उभ्या उभ्या लिहिला, रजयांच्या खोलीत जाऊन बोलले: 'थांबा. नळाचं पाणी खदखदा उकळल्याशिवाय पिऊ नका. लेकरांना तर अजिबात देऊ नका.' मॅडमनी पेन ड्राइव्ह माझ्या देखत पाकिटात घातला.

"उद्या सकाळी सहाला, नळ यायच्या आधी गाडी निघेल," त्या म्हणाल्या. "तोवर कुणाजवळ बोलू नका. अर्धवट बातमीने गोंधळ होतो, तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही पहाटेच्या बसने पलीकडच्या केंद्रावर जा. तिथल्या बायकांना तीन दिवस मजकूर लिहायला शिकवायचंय. गुरुवारी इथे कार्यक्रमाला पैसे देणारे परदेशी पाहुणे येताहेत, त्यांचं मी बघते."

यात मला काहीही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, एवढ्या गडबडीतही बाई डोकं ठिकाणावर ठेवून आहे.

घरी नवऱ्याला सांगितलं, कारण गाडी तोच नेणार. सासूबाई तिथेच बसलेल्या, त्यांनीही ऐकलं. घरातलं पाणी उकळलं. मग फोन हातात घेतला आणि बहिणीच्या नावावर बोट अडलं. तिला सांगायचं, मग तिच्या शेजारणीला का नाही? आपल्या माणसांना आधी आणि जगाला मागून, असल्या कारभारावरून मी आयुष्यभर लोकांशी भांडत आले. शेवटी फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "उद्या पाणी भरायच्या आधी गाडीची वाट बघ. गाडी सांगेल तसं कर."

ती हसली. "गाडीत तूच बोलणार ना? मग झालं तर."

पलीकडच्या केंद्रावरून मी रोज नवऱ्याला विचारत होते, "गाडी फिरली का?" तो म्हणायचा, "फिरली ना." गुरुवारी बहिणीने फोन उचलला नाही. मला वाटलं, कामात असेल.

शुक्रवारी सकाळी बसमधून उतरले, पिशवी खांद्याला लावली आणि रस्त्याच्या टोकाकडून माझाच आवाज ऐकू आला. 'पाणी तपासलेलं आहे, बिनधास्त प्या. माझ्या घरी आम्ही हेच पितो.'

आधी काही कळलंच नाही. आपलाच आवाज आपल्याला सांगतोय, तर खरंच असेल असंही क्षणभर वाटलं. दुरुस्ती झाली असेल, पाणी सुधारलं असेल. मग गाडी वळली, नवऱ्याने मला पाहिलं आणि त्याची मान खाली गेली. त्या मानेनेच सगळं सांगितलं. मी गाडीसमोर आडवी झाले.

"बंद करा ते."

त्याने बंद केलं.

"किती दिवस लावताय?"

"मंगळवारपासून. मॅडमनी पाकीट बदलून दिलं. म्हणाल्या, शुक्रवारी पाहुणे जाईपर्यंत जुनंच चालू दे."

"आणि तुम्ही लावलंत? सोमवारी तुमच्यासमोर घरात पाणी उकळलं मी!"

"अगं, मला कायम करणार आहेत. बारा वर्षं रोजंदारीवर झाली. मी नसतं लावलं तर दुसऱ्याने लावलं असतं." मग त्याने मान वर केली आणि मला खूश करणारं काही सांगावं तसं म्हणाला, "पण आपल्या गल्लीत गाडी घातलीच नाही मी. एकदासुद्धा नाही. आईने चुकून ऐकलं तर, शेजारपाजारच्यांनी ऐकलं तर, म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडमनी केसाने गळा कापला, तो कापणारी निदान परकी तरी होती. हा माणूस रोज सकाळी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येत होता, चाक वळवत होता आणि पुढच्या गल्लीत जाऊन माझ्या तोंडून लोकांना पाणी पाजत होता. चाक वळवलं, म्हणजे त्याला सगळं कळत होतं. कळत नसतं तर मी त्याला माफ केलं असतं.

"पाचव्या गल्लीत घातलीत?" मी विचारलं.

त्याने गाडीची किल्ली चाचपली.

"पाचवीत घातलीत का?"

"धाकटीची छोकरी दवाखान्यात आहे," तो म्हणाला. "परवा रात्रीपासून. सलाईन लावलंय. आता बरी आहे म्हणतात."

मी गाडीत चढले, पेन ड्राइव्ह उपटून खिडकीबाहेर फेकला आणि गाडीतला माईक हातात घेतला. म्हटलं, "चला. पहिल्या गल्लीपासून." त्याने निमूट गाडी काढली. मी बोलत राहिले. थांबा, ओता ते पाणी, उकळल्याशिवाय पिऊ नका, आजारी असेल त्याला दवाखान्यात न्या. बायका दारात आल्या. एक म्हणाली, "भोंगाबाई, आत्ता तासापूर्वी तर प्या म्हणालात!" दुसरीने हात झटकला, "आधी ठरवा काय ते, मग या." माझ्या डोळ्यांदेखत तिने नळाखाली कळशी सरकवली. पाचव्या गल्लीत तर कुणी दारच उघडलं नाही. मी बंद दारांशी घसा फोडत होते.

मॅडमचा फोन आला. "तुम्ही हे काय करताय? फेरतपासणीचा अहवाल आला की आपण सांगणारच होतो." मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला आवाज हवा होता ना, तो घ्या ठेवून. बाई तुमची नाही." एरवी असं काही बोलले असते तर दिवसभर माझीच पाठ थोपटली असती. त्या दिवशी काहीच वाटलं नाही.

दवाखान्यात बहीण खाटेच्या कडेला बसली होती. चार वर्षांची पोर, चिमणीएवढं तोंड झालेलं, हाताला सुई लावून पट्टी बांधलेली. माझी चाहूल लागली तरी बहिणीने वळून बघितलं नाही.

"गाडी सांगेल तसं केलं, ताई," ती म्हणाली.

"अगं, तो जुना मजकूर होता. मी नवा केला होता. मॅडमनी बदलला. मी इथे नव्हतेच, मला मुद्दाम—"

"तुमच्या गल्लीत गाडी गेलीच नाही. चार दिवसांत एकदाही नाही. कालपासून सगळे हेच बोलताहेत."

"ते मी नाही केलं. ते यांनी केलं. मला आत्ता कळलं, देवाशपथ."

"सोमवारी तुमच्या घरी पाणी उकळलं ना? तुझ्या सासूबाई सांगत होत्या."

मी हो म्हटलं. खोटं कसं बोलणार?

"आणि मला फोन केलास, तो पाणी उकळल्यावर की आधी?"

"उकळल्यावर," मी म्हटलं. "पण तुला एकटीला आधी सांगणं मला बरोबर नाही वाटलं गं. सगळ्यांना एकदमच कळावं म्हणून..."

हे म्हणजे मोठं न्यायाचं वागणं, असं मला सोमवारी वाटलं होतं. बहिणीसमोर ते वाक्य माझ्याच तोंडात अडकलं, पुरं करता आलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय धरले असते तिचे. ती फक्त हिशेब लागत नसल्यासारखी बघत होती.

तेवढ्यात पोरीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. उशाशी झाकलेलं भांडं होतं. मीच जवळ होते. पेला भरला, मान उचलून धरली आणि पेला तिच्या ओठांशी नेला.

बहिणीने माझं मनगट धरलं. जोराने नाही. पेला माझ्या हातातून काढून घेतला, उजेडात धरून पाहिला, नाकाशी नेला.

"उकळलेलं आहे गं," मी म्हटलं. "इथे वर लिहिलंय बघ भांड्यावर."

ती उठली आणि पेला घेऊन दारापाशी गेली. तिथे एक अनोळखी बाई फरशी पुसत होती.

"मावशी," बहिणीने तिला विचारलं, "हे पाणी पोरीला दिलं तर चालेल का हो?"