ड्रममधले किडे

सकाळी साडेनऊला गुंजनने मेल उघडले आणि तिचं डोकंच सणकलं. मेल आले होते 'रसशाळा'च्या मदत-कक्षाकडे. मदत-कक्ष म्हणजे तरी काय, पिपरी मेघेतल्या घराची पुढची खोली, एक लॅपटॉप आणि ती स्वतः. तिचा मोठा भाऊ वैभव याने तीन वर्षं खपून हा मोबाइल गेम एकट्याने बनवला होता. त्यात खेळणारा किमयागार होतो, मुळ्या कुटतो, धातू वितळवतो, अर्क काढतो. कुठे अडला की मदत-कक्षाला लिहितो आणि गुंजन उत्तर देते. त्या दिवशी दोनशे चौदा मेल होते आणि सगळ्यांत एकच घोशा, रजतची माफी मागा.

हा रजत म्हणजे गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकणारा एक पोरगा. लाखभर लोक बघतात, म्हणून पाय जमिनीवर नाहीत. रसशाळेतला सगळ्यात मोठा अर्क दहा झाडांच्या पाल्याचा. ड्रममध्ये पाला, शेण, गोमूत्र घालायचं आणि खरेखुरे तीस दिवस सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. रजतला कुठला दम! त्याने फोनची तारीखच महिनाभर पुढे ढकलली. झाकण उघडलं तर आत किडे वळवळताहेत. 'गेम बिघडलाय, दुरुस्त करा,' असं त्याने फर्मान सोडलं. गुंजनने लिहिलं, 'गेम ठीक आहे. तुम्ही तीस दिवस ढवळलं नाही, म्हणून किडे पडले.' बस, एवढंच! त्याने ते व्हिडिओत वाचून दाखवलं आणि दोन दिवसांत गेमचं रेटिंग साडेचारवरून दोनवर आपटलं.

आता यात खोटं काय होतं? गुंजन-वैभवची आई शालूबाई बोरगावच्या वाडीत वांग्यांवर फवारायला हाच अर्क करते. गुंजन बारावीत असताना आई आठ दिवस माहेरी गेली आणि ड्रम हिच्यावर सोपवला. हिने एकदाही झाकण उचललं नाही, वर फोनवर "हाव, ढवळलं" म्हणून ठोकून दिलं. पुढे जे निघालं त्याने दोन दिवस हिला घास गेला नाही. वैभवने ते बघूनच गेममध्ये किडे घातले होते.

"गुंजन, माफी मागून टाक नं," वैभव दारातून म्हणाला. "अकरा वाजता मंजुषा मॅडमचा कॉल आहे. त्यांची कंपनी गेम देशभर नेते म्हनते. दोनच अटी. तू व्हिडिओत माफी मागाची, अन् ढवळाच्या जागी 'झटपट' बटन टाकाचं. दाबलं का अर्क तयार."

"माफी कायची? मी खोटं लिहिलं का?"

"खरं-खोटं गेलं चुलीत! हे हातचं गेलं तं मले पुण्याले नोकरी धरा लागते."

वैभव पुण्याला गेला की रसशाळा संपली, हे गुंजनला कळत होतं. एक 'सॉरी' म्हणायला काय जातं? तिने मनातल्या मनात म्हणून बघितलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

अकराला मंजुषा मॅडम पडद्यावर आल्या. आवाज अगदी मधाळ. "गुंजन, फक्त दोन वाक्यं. चूक माझी होती. खेळाडू नेहमी बरोबर असतो. झालं!"

"मॅडम, ज्याची चूक त्याले मी चूक सांगितली. शिवी नाई देल्ली. पुन्हा विचारलं तं पुन्हा हेच सांगन."

"अगं, साधा गेम तर आहे."

"साधा कसा? सावंगीच्या दवाखान्यातली एक नर्स आहे, आकांक्षा. ड्यूटीवर जाच्या आधी एकदा ढवळते, आल्यावर एकदा. आज तिचा अठ्ठाविसावा दिवस आहे. तुमचं बटन आलं तं तिले मी काय लिहू? येडी होती म्हनू?"

मॅडमचं हसू मावळलं. "वैभव, मदत-कक्ष आमची माणसं चालवतील. तू सांग, हो की नाही?"

गुंजनने वैभवकडे बघायचं टाळलं, बघितलं असतं तर रडलीच असती. "दादा, गेम तुहा आहे. तू हाव म्हन, मी रागावनार नाई," ती म्हणाली. "पन माफी मी नाई मागनार. उद्यापासून आईसंग वाडीत जाईन."

वैभवने लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

"मॅडम, नाई जमत," वैभव म्हणाला. "बटन नाई येनार. अन् उत्तरं गुंजनच देईन."

"पस्तावशील."

"पस्तावतो नं बाप्पा!" म्हणून त्याने कॉल कापला आणि मटकन खाली बसला. "मेलो आता," तो म्हणाला आणि खो-खो हसत सुटला. हसता हसता त्याने डोळे पुसले. "पुण्याले अर्ज टाकतो. पन गेम बंद नाई करत. सुट्टीच्या दिवशी करन, तू चालव."

गुंजनने लॅपटॉप ओढला. 'माफी मिळणार नाही. ड्रम नव्याने भरा, रोज ढवळा. अडलात तर लिहा, उत्तर मिळेल.' खाली नेहमीप्रमाणे 'मदत-कक्ष' लिहिलं.

"ते काऊन?" वैभवने तिच्या खांद्यावरून वाकून तो शब्द पुसला. "तुहं नाव टाक नं."

तिने नाव टाकलं आणि दोनशे चौदा जणांना एकदमच पाठवून दिलं.