स्क्रूवरचे लाल ठिपके

पंचवीस वर्षं गोदामाची रात्रपाळी केलेल्या माणसाला जिथे तिथे चोर दिसतो. त्यामुळे झोपायच्या खोलीतला एसी तिसऱ्यांदा गोठला, तेव्हा रखवालदाराचा संशय थेट मेकॅनिकवर गेला.

सकाळी नऊला एसी लावून तो आडवा व्हायचा. अकराच्या सुमारास आत बर्फाचा थर, वारा बंद, आणि हा घामाने निथळत जागा. परवा रात्री कामावर खुर्चीत त्याचा डोळा लागला आणि नेमके साहेब समोर उभे. "पुन्हा डुलकी दिसली तर कायमचं घरीच झोपायचं," त्यांनी बजावलं होतं.

मेकॅनिकने जाळी धुतली, गॅस तपासला. "यंत्रात खोट नाही. ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, कमी ठेवता का? हवा फिरली नाही की बर्फ धरतो."

"फुल करून झोपतो मी!"

"बघा बुवा," असं म्हणून मेकॅनिकने त्याच्याकडे जे पाहिलं, ते रखवालदाराला मुळीच आवडलं नाही.

"तूच मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवतोस, दर खेपेला बोलवावं म्हणून," त्याने तोंडावर सुनावलं. मेकॅनिक हत्यारं गोळा करून निघून गेला.

मग रखवालदाराने बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन एसीच्या एकेका स्क्रूवर ठिपका दिला, कुणी उघडलं तर कळावं म्हणून.

"माझ्या नखांना कधी लावली नाहीत इतकं मन लावून," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एसी पुन्हा गोठला. ठिपके जसेच्या तसे. यंत्र कुणी उघडलंच नव्हतं; मग रिमोटने पंखाच कुणीतरी कमी करत असणार. म्हणजे चोर घरातलाच! बायको साडेआठलाच कामावर जाते. उरली आई. हा डबा घरात आला तेव्हापासून तिचं त्याच्याशी वाकडं. जन्मदातीवर संशय घेताना त्याचं त्यालाच कसंतरी झालं. पण नोकरी झोपेवर टांगलेली होती.

तिसऱ्या दिवशी तो खोटं खोटं घोरत पडला. दार हळूच किलकिलं झालं. आई अनवाणी आत आली. रिमोटचा पडदा कधीचाच मेलेला, बटणं अंदाजानेच दाबायची. एसीकडे कान देऊन, आवाज पार बारीक होईपर्यंत ती पंख्याचं बटण दाबत राहिली. मग तिने त्याच्या पायांवर चादर सारखी केली.

"एवढ्या घरघरीत कसं झोपतं माझं लेकरू," ती पुटपुटली आणि दार ओढून गेली.

चोर हाती लागला होता, आणि रखवालदाराला डोळे उघडवेनात. त्याला स्वतःची लाज वाटली. जरा वेळाने उठून तो स्वयंपाकघरात गेला. आई भाजी निवडत होती. तिच्यासमोरच त्याने मेकॅनिकला फोन लावला.

"माफ कर रे. ब्लोअर मीच कमी करत होतो."

"मला तुमच्यावरच संशय होता," मेकॅनिक म्हणाला.

"आता नाही करणार. खरं तर त्या घरघरीनेच मला झोप लागते." हे तो जरा मोठ्यानेच बोलला.

आईचा हात भाजीत थांबला.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" ती उखडली. "रोज अनवाणी यावं लागतं मला!"