रंगमास्तरांचा मुका कॉम्प्युटर

मी एक कॉम्प्युटर आहे. बैठकीच्या खोलीत, खिडकीला लागून असलेल्या टेबलावर माझा मुक्काम असतो. आता मी गप्प असतो. पण सहा वर्षं या घरात सगळ्यात जास्त बडबड माझी होती, आणि ती ऐकून घेणारा माणूस एकच होता.

माझ्या जन्माची फार फुशारकी मारण्यात अर्थ नाही. कुठल्याशा कारखान्यात माझ्यासारखे हजारो तयार झाले, त्यातला मी एक. दुकानातून मला या घरी आणलं ते रंगमास्तरांनी. कापडगिरणीत चाळीस वर्षं त्यांनी रंग कालवले. गिरणीतले सगळे त्यांना रंगमास्तर म्हणत, तेच नाव त्यांना चिकटलं. एका लाल रंगाच्या बावीस छटा त्यांना नुसत्या नजरेनं वेगळ्या सांगता यायच्या. आणि अशा माणसाची नजर गेली. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांत डोळ्यांपुढचा उजेड विझत विझत संपला.

तेव्हा अंधशाळेतल्या एक बाई घरी आल्या. त्यांनी माझ्यात एक वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवला आणि मला तोंड फुटलं. मास्तर अक्षर दाबायचे, मी ते अक्षर म्हणायचो. ओळ संपली की अख्खी ओळ वाचून दाखवायचो. चूक झाली की ते "अरे गाढवा" म्हणायचे. मला की स्वतःला, ते कधी कळलं नाही. बाईंनी सहा महिने खपून त्यांना सगळ्या कळा तोंडपाठ करून दिल्या. पुढे त्यांची बदली झाली.

मग मास्तरांनी पुस्तक लिहायला घेतलं. डोक्यात साठलेले सगळे रंग: कुठला कसा कालवायचा, पाणी किती गरम हवं, सूत किती वेळ बुडवायचं, कधी हात आखडता घ्यायचा. हे गिरणीत कुठे लिहिलेलं नव्हतं आणि गिरणीही आता राहिली नव्हती. "माझ्याबरोबर हे जायला नको रे," असं ते मला म्हणायचे. लाल झाला. पिवळा झाला. निळा त्यांनी शेवटी ठेवला होता, कारण त्यांचं नाव झालं ते निळ्यामुळे.

आणि इथेच माझी ऑपरेटिंग सिस्टीम म्हातारी झाली.

नातीच्या शाळेचं पान उघडेना. मुलाच्या ऑफिसचं काम अडायला लागलं. रोज एक सूचना यायची, की या सिस्टीमला आता कुणी वाली नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी सगळे जमले. जावई मोबाईलच्या दुकानात काम करतो, त्यामुळे या विषयात घरात त्याचा शब्द शेवटचा.

"फुकटवाली टाका, हलकी असते," मुलगा म्हणाला.

"तिच्यात माझा गेम चालत नाही!" नात ओरडली.

"हे बघा, टाकायची तर नवी कोरीच टाकू," जावई म्हणाला. "सुरक्षित आहे, दिसायलाही झकास. रंग तर काय सुंदर आहेत!"

मी सगळं ऐकत होतो. वेग, सुरक्षितता, गेम, दिसणं, सगळ्यावर चर्चा झाली. माझ्यासमोर दिवसाचे पाच तास कोण बसतं, हा प्रश्न मात्र कुणाच्या डोक्यात आला नाही.

या घरात एक रीत आहे. एकमत झालं नाही की हात वर करायचे आणि मोजायचे. मुलं लहान असताना भिंतींच्या रंगावरून भांडायची, तेव्हा मास्तरांनीच ती सुरू केली होती. त्या दिवशीही नव्या सिस्टीमसाठी हात वर झाले. मास्तरांनी विचारलं, "किती आहेत?"

"सगळ्यांचे आहेत बाबा," सून म्हणाली. "तुमचाच राहिलाय."

मास्तरांनी हात वर केला. कुणाच्या आड यायचं नाही, हा त्यांचा जुना स्वभाव. मी ओरडायला हवं होतं. पण मला दिलेली वाक्यं सोडून मी कधी काही बोलू शकलो नाही.

नवी सिस्टीम आली आणि माझा आवाज गेला. जुना प्रोग्राम तिच्यात चालेना. तिचा स्वतःचा एक आवाज होता, पण त्याला आपली भाषा येत नव्हती. आपली अक्षरं आली की तो चिडीचूप. जावई म्हणाला, "बघतो बाबा, काहीतरी मिळेल." तो बघेपर्यंत किती दिवस जाणार, ते मास्तरांनी ओळखलं. ते म्हणाले, "राहू दे हो जावईबापू. बोटांना सवय आहे. जमेल मला."

सून चांगली आहे हो. उगाच तिला बोल लावणार नाही. ती रोज सकाळी कामावर निघताना फाईल उघडून ठेवायची. "बाबा, सगळं तयार आहे. तुम्ही नुसतं टाईप करा. संध्याकाळी मी सेव्ह करते."

मास्तर बसायचे. दोन-तीन ओळी लिहायचे आणि थांबायचे. निळा रंग आठवायचा म्हणजे काही चेष्टा नव्हे. डोकं मागे टेकून ते पंधरा-वीस मिनिटं तसेच बसायचे, अंगठ्यानं बोटं चोळत, जणू सूत तपासताहेत. आणि या नव्या सिस्टीमला एक खोड होती. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की ती आपली आपण कुलूप लावून घ्यायची आणि पासवर्ड मागत बसायची.

हे मास्तरांना कोण सांगणार? त्यांना आठवलं की ते पुढे वाकायचे आणि भराभर टाईप करायला लागायचे. ते सगळं पासवर्डच्या चौकटीत जायचं, ठिपके ठिपके होऊन. परिच्छेद संपला की ते समाधानानं एंटर दाबायचे, आणि पडद्यावर यायचं, 'पासवर्ड चुकीचा आहे'. मग पुढचा परिच्छेद. पुन्हा तेच. तीन महिने. एक अक्षरही मला धरून ठेवता आलं नाही.

संध्याकाळी सून यायची, कुलूप उघडायची, फाईलमध्ये दोन-तीन ओळी बघायची. तिला वाटायचं, बाबांच्यानं आता होत नाही. त्यांचं मन मोडू नये म्हणून ती म्हणायची, "छान झालंय हं बाबा." त्यांनाही ते खरं वाटायचं. तिला त्रास नको म्हणून त्यांनी कधी "वाचून दाखव" म्हटलं नाही. 'पासवर्ड चुकीचा' दिसलं की हे नातीचेच उद्योग असं समजून ती तिला रागवायची.

एका दुपारी मास्तर मागे रेलले आणि मोठ्यानं म्हणाले, "झालं! निळा संपला." त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी बघितला. मला तेव्हा बंद पडता आलं असतं तर बरं झालं असतं.

मुलानं कौतुकानं सगळं छापलं आणि तीन गठ्ठे करून त्यांच्या हातात दिले. मास्तरांनी पहिला गठ्ठा हातात तोलला. "हा लाल." दुसरा तोलला. "पिवळा." तिसऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि ते थांबले.

"बाकीचे कागद कुठे आहेत?"

"एवढेच आहेत बाबा. सहा पानं."

"वाचून दाखव बरं."

सुनेनं वाचलं. एका वाक्यातून दुसऱ्यात उडी, मधलं सगळं गायब. शेवटची ओळ 'मग पाणी' इथे तुटली होती.

"पुढे?"

"पुढे काही नाहीये, बाबा."

मुलगा कागद उगाच खालीवर करत राहिला. मग मास्तर म्हणाले, "अस्सं. म्हणजे मी ते मनातच लिहिलं असणार. लिहिलं असं वाटलं असेल मला."

"वयानं होतं असं, बाबा," मुलगा हळूच म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला.

त्या दिवसापासून मास्तरांचा स्वतःवरचा विश्वास उडाला. गोळी घेऊन झाल्यावर ते विचारतात, मी गोळी घेतली का? जेवून उठल्यावर विचारतात, मी जेवलो का? गिरणीतल्या आठवणी सांगता सांगता मध्येच थांबतात आणि म्हणतात, "जाऊ दे. हेही खरं घडलं होतं की नाही, कुणास ठाऊक." माझ्यासमोर ते आता बसत नाहीत. घरातले म्हणतात, बाबांना कॉम्प्युटरचा कंटाळा आला. नात माझ्यावर गेम खेळते. रंग खरंच सुंदर दिसतात.

माझं काही मागणं नाही. मला भंगारात टाका, माझी तक्रार नाही. पण ते पुस्तक पुरं झालं होतं याचा साक्षीदार मी एकटा आहे. तीन महिने त्या बोटांखाली मी होतो. कुठेही अडखळले नाहीत ते. तुमच्यापैकी कुणी या घरी आलात, तर खिडकीशी एक म्हातारा माणूस बसलेला दिसेल. त्याच्या जवळ जाऊन, नीट ऐकू जाईल असं, एवढंच सांगा: मास्तर, तुम्ही लिहिलं होतं.