वीस मिनिटांचं कीर्तन

"वीस मिन्टांत कीर्तन?" दाजीबुवा खाटेवरून म्हणाले. "चाय उकळूक याच्यापेक्षा जास्त येळ लागता गो."

तन्वी हातातला कागद घेऊन दारातच उभी राहिली. ही त्यांची नात, मुलाची, गुरुप्रसादची मुलगी. पुण्याला घरं बांधायचं शिक्षण घेते आणि सुट्टीत आली की मालवणातल्या जुन्या घरांचे खांब मोजत फिरते.

"आजोबा, सगळ्यांका वीसच आसत. समोरच्या ब्रॅंडनच्या गिटाराक पण वीस."

"मगे ब्रॅंडनाकच सांग, कीर्तन पण तूच कर म्हणान."

त्यांचे पाय चोळत बसलेली शेवंती हसली. बापाला बोलून दम लागला तसं हसू आवरून तिनं त्यांच्या पाठीमागे उशी सारली.

जुन्या पेठेत रस्त्याकडे उघडणाऱ्या पडव्या असलेली अकरा घरं अजून उभी आहेत. तन्वीनं गेल्या वर्षी नाताळ सरल्यावर तिथं 'पडवीचं गाणं' सुरू केलं. एका दुपारी प्रत्येक पडवीवर पाळीपाळीनं कुणीतरी गायचं, वाजवायचं. वीस मिनिटं झाली की तन्वी शाळेतली जुनी पितळी घंटा वाजवत जायची आणि लोक उठून पुढच्या पडवीकडे चालू लागायचे. घंटा झाली की उठायचं, हा नियम. कीर्तनाचा नियम याच्या अगदी उलटा. आरती होईपर्यंत उठायचं नाही, आणि कीर्तनकारानं मध्येच झांज खाली ठेवायची नाही. म्हणून पहिल्या वर्षी दाजीबुवांनी नाही म्हटलं. यंदा नातीसाठी हो म्हणून बसले, आणि पंधरा दिवसांत छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता.

"नाव खोडूया काय?" तन्वीनं हळूच विचारलं.

दाजीबुवांनी उशीवरून मान हलवली. मग म्हणाले, "खोडू नको. शेवंती उभी रवतली."

शेवंतीचा हात थांबला. बावन्न वर्षांची ती. त्यातली तेहतीस वर्षं बापाच्या पाठीमागे उभी राहून झांज धरलेली, ध्रुपदाला सूर दिलेला. खारेपाटणपासून इन्सुलीपर्यंत असं देऊळ नसेल, जिथं ती त्यांच्यामागे उभी राहिली नाही. पण पुढे एकदाही नाही. झांज हाती घेतली त्या पहिल्याच वर्षी तिनं विचारलं होतं आणि त्यांनी सांगून टाकलं होतं, "आवाज बरो आसा तुझो. पण तू लोकांकडे बघतस. आवडला काय, नाय आवडला काय. कीर्तनकारान देवाकडे बघूचा." त्यानंतर तिनं विचारलं नाही, त्यांनी विषय काढला नाही.

"काय गो, भियालस?"

"नाय."

"वीस मिन्टां आसत. तितक्यात तू काय बिघडवतलस?" आणि थोडं थांबून, "मधल्या हाराक माका भायर घेवन येवा. हार मी घालतलंय."

ते काय म्हणाले हे ज्याला कीर्तनाची गोडी आहे त्याला वेगळं सांगायला नको. कीर्तनाचे भाग दोन. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, उत्तररंगात कथा. या दोहोंच्या मध्ये, कीर्तनकार घोटभर पाणी पितो तेवढ्यात, घरचा वडीलधारा पुढे होतो, त्याच्या कपाळी बुक्का लावतो, गळ्यात हार घालतो आणि पाया पडतो. वय, नातं, काही बघायचं नाही. उभा आहे तो नारदाच्या गादीवर उभा आहे. बाप हार घालणार म्हणजे बाप म्हणणार, ही गादी आता हिची. शेवंतीला दुसरं काही नको होतं. गाव नको होतं, टाळ्या नको होत्या. तेवढा एक हार.

आठवडाभर ती कीर्तन कापत होती. पूर्वरंग आठ मिनिटं, कथा दहा, आरती दोन. स्वयंपाक करताना ओठ हलत आणि भावजय दीपिका चेष्टा करी, "वन्सं, आज आमटीत मीठ घातलास काय अभंग?" समोरच्या घरातले आग्नेलबाब संध्याकाळी पेटी घेऊन यायचे. चर्चमधला ऑर्गन आणि दाजीबुवांची पेटी, दोन्ही चाळीस वर्षं त्यांच्याच हातात. कथा दाजीबुवांनीच रचलेली होती, खाडीवरच्या तरीवाल्याची. दिवे लागणीला एक म्हातारा होडीत बसतो. तरीवाला पुढे तोंड करून वल्हवतो आणि मागच्या म्हाताऱ्याला आपली सुखदुःखं सांगत जातो. पलीकडे लागल्यावर मागे वळून बघतो तर होडीत कुणी नाही, नुसती ओली पावलं. ती पावलं कुणाची, ते दाजीबुवा असं सांगत की पहिल्या रांगेतली माणसं हुंदके देत.

"या कथेक दाजीक पाऊण तास लागा," आग्नेलबाब म्हणाले. "तू धा मिन्टांत म्हाताऱ्याक खाडी पार करतलस? मोटार लावलस काय होडयेक?"

तो दिवस उजाडला. शेवंतीची पाळी सहाची. दाजीबुवांची खाट पडवीच्या आतल्या खोलीत खिडकीशी सरकवली होती. बाहेरचा शब्द न् शब्द आत ऐकू जावा म्हणून खिडकीची दोन्ही कवाडं उघडी. बाहेर पडण्याआधी शेवंती पाया पडली. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण हात उचलून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.

"जा," म्हणाले. "येळ झालो."

तिन्हीसांजेचा उजेड पेठेवर पिवळा पडला होता. पडवीत देवासमोर समई, मागे आग्नेलबाबांची पेटी, तबल्यावर आचऱ्याचा अनिश. खाली खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, चाळीसेक माणसं बसली होती, उरलेली रस्त्यात उभी. शेवंतीनं समईला नमस्कार केला, झांज उचलली आणि गजर सुरू केला. पहिला सूर जरा कापरा लागला. दुसऱ्या आवर्तनाला लोकांनी गजर उचलला आणि मग तिचा गळा मोकळा झाला. तिनं ठरवल्याप्रमाणे लोकांकडे पाहिलं नाही. समईकडे पाहत अभंग मांडला, त्याचा एकेक पदर सोडवला. आठ मिनिटांचा पूर्वरंग तिच्या अंदाजानं नऊत झाला.

झांज छातीशी धरून ती थांबली, आणि दाराकडे वळली.

बापाला ज्या खुर्चीत बसवून आणायचं ती आली नाही. बापही नाही. हाराचं ताट घेऊन शेजारच्या मथुराकाकी पुढे आल्या. म्हाताऱ्या बाईनं बुक्का लावला, तो कपाळाऐवजी भुवईवर सांडला. हार गळ्यात पडला. गुरुप्रसाद बाहेरून वळसा घालून पडवीच्या पायरीखाली येऊन उभा होता. शेवंतीनं वाकून विचारलं, "बाबा?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मग समईकडे.

"भायर येवक नाय जमना. दम लागता. झोपान ऐकतत."

"काय म्हणतत?"

गुरुप्रसादनं खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरा चाललाहा म्हणतत."

या दोन शब्दांनी काय केलं ते कसं सांगावं. तेहतीस वर्षांत तिनं बापाकडून 'आज बेताल झालस' ऐकलं होतं, 'घसो सांभाळ' ऐकलं होतं. बरा चाललाहा, हे नव्हतं ऐकलं. तिच्या पायांत बळ आलं. तिनं झांज वाजवली आणि तरीवाला खाडीत उतरला.

दहा मिनिटं झाली असतील. घंटा झाली नाही. शेवंतीला वाटलं, तन्वीनं आत्यासाठी दोन मिनिटं सोडली. आणखी काही वेळ गेला, तरी घंटा नाही. समोरच्या पडवीवर ब्रॅंडन मघापासून तारा जुळवत होता, तोही आवाज बंद पडला. पलीकडच्या घरातून येणारी बासरी थांबली. आणि मग तिनं लोकांकडे पाहिलं.

कुणी उठलं नव्हतं. उलट माणसं वाढत होती. पेठेच्या वरच्या टोकाकडून येत होती, चपला काढून येत होती. रस्ता भरला होता. एकही मोबाईल वर नव्हता, एकही पोर कुजबुजत नव्हतं. सगळे डोळे तिच्यावर होते आणि पुष्कळ डोळे ओले होते, कथेतली ओली पावलं अजून आलीही नव्हती तरी.

देवा, आपण कापलेलं सगळं हे मागतायत, असं तिला वाटलं. मग तिनं काही कापलं नाही. तरीवाल्याची मेलेली बायको आली, वाहून गेलेला मुलगा आला. दाजीबुवांची सगळी पदं आली, जी तिनं तेहतीस वर्षं मागून म्हटली होती. दोनदा आग्नेलबाबांची पेटी मागे राहिली. एकदा तर अंतरा सोडून भलतीच पट्टी दाबली गेली. तिनं मान वळवून त्यांना रागानं पाहिलं. म्हातारे झाले बिचारे, असं मनात आलं. ती तासभर गात होती. आयुष्यात इतका आनंद तिला झाला नव्हता, आणि त्या आनंदात तिनं मध्ये मध्ये खिडकीकडे तोंड करून आवाज चढवला, आत नीट ऐकू जावं म्हणून.

आरतीच्या ताटातलं निरांजन लावलं मथुराकाकींनी.

गाता गाता शेवंतीच्या ते लक्षात आलं. घरचं माणूस का नाही? तिनं पाहिलं. दीपिका खळ्याच्या कडेला माडाला टेकून उभी होती, पदर तोंडात धरून. तिच्या शेजारी तन्वी, हातातली घंटा पोटाशी घट्ट धरलेली. गुरुप्रसाद त्यांच्याजवळ. तिघंही पडवीपासून दूर, देवाच्या समईपासून दूर. घरात सुतक पडलं की घरची माणसं जशी देवापासून अंतर धरून उभी राहतात, तशी.

कीर्तनकाराच्या लेकीला आणखी काय सांगायला हवं. तिला कुणी काही सांगितलं नाही, आणि तिला सगळं कळलं.

आरतीची दोन कडवी उरली होती. ती तिनं म्हटली. सुरात म्हटली की नाही, ते तिला आठवत नाही. मग झांज खाली ठेवली, गळ्यातला हार काढून तिच्यावर ठेवला आणि ती आत गेली.

दाजीबुवांचा जबडा उपरण्यानं बांधलेला होता. पाय अजून किंचित ऊन होते, की तिलाच तसं वाटलं. मागोमाग गुरुप्रसाद आला.

"कधी?" तिनं विचारलं.

"तुझ्या पयल्या गजराक."

"पयल्या."

"दोनदा खोकले. दीपिकान हाक मारल्यान, तवसर..." त्यानं खाटेवरची चादर सारखी केली. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "तुका सांगूक होया होता काय? आजो गेलो तेवा बाबा खारेपाटणाक कीर्तनाक उभे होते. लोकांनी आरती झाल्यार सांगितल्यांनी. बाबाच सांगीत, कानार पडापर्यंत सुतक नाय, आरतीशिवाय झांज ठेवची नाय. माका वाटला, धा मिन्टांचो प्रश्न आसा. तू तासभर गातलस, ह्या कोणाक म्हायत."

"बरा चाललाहा, ह्या कोण म्हणाला?"

गुरुप्रसादनं मान खाली घातली.

"तुका कीर्तनातला काय कळता रे," शेवंती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती खाटेशी खाली बसली.

बाहेर माणसं आवाज न करता दाजीबुवांना न्यायच्या तयारीला लागली होती. आग्नेलबाब मात्र पेटीचा भाता उघडाच ठेवून बसून राहिले होते. बऱ्याच वेळानं शेवंती दारात येऊन उभी राहिली.

"आग्नेलबाब, तुमी खोटा बोलणास नाय. कसा झाला?"

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "माका म्हायत नाय गो बाय."

"इतक्या जवळ बसललास."

"दीपिका दारात येवन उभी रवली आणि माका समाजला. तेच्यानंतर माझे नुसते हात चलत होते. मी ऐकूक नाय." ते रस्त्याकडे बघून म्हणाले, "कोणीच ऐकूक नाय. सगळे तुझ्याकडे बघी होते."

शेवंतीनं मान हलवली, जणू तिनं पत्ता विचारला आणि कुणीतरी तो सांगितला. अख्खी पेठ जमली होती. ऐकणारा एक होता, आणि तो पहिल्या गजरालाच निघून गेला होता.

तन्वी जवळ आली. रडून तिचे डोळे सुजले होते. आत्याला काय द्यावं ते तिला सुचत नव्हतं, म्हणून तिनं हातातला फोन पुढे केला. "आत्या, खिडकीत ठेवललंय. सगळा कीर्तन आसा हेच्यात. पयल्यापासून आरतीपर्यंत."

"खिडकीत?"

"होय."

"बाबांचो आवाज आसा?"

तन्वीनं ओठ चावला. "गजरात आसा. दोनदा खोकतत."

"तितकोच ठेव," शेवंती म्हणाली. "बाकीचा पुसून टाक."

आणि बापाला आंघोळ घालायला पाणी तापवायचं होतं, म्हणून ती परसात चूल पेटवायला गेली.