घंटा न वाजलेली बैठक

मित्रांनो, हवालदाराने किल्लीवाल्याची माफी मागितली. भर सभेत, टोपी काढून. आता हे विसरा. असं काही घडलेलंच नाही.

मी एक जुनी पितळी घंटा आहे. माझी पहिली नोकरी नाट्यगृहात. मी वाजले की लोक गप्प व्हायचे आणि नाटक सुरू व्हायचं. "काय खणखणीत आवाज आहे!" असं कौतुक व्हायचं. पुढे मला पोलीस तक्रार समितीत आणलं. इथे मी वाजले की लोक गप्प व्हायचे आणि चहा सुरू व्हायचा.

समितीला शिक्षा करायचा अधिकार असावा, की नुसतंच वाईट वाटून घ्यायचा, यावर शहरात वाद पेटला होता.

"अधिकार नाही तर समिती हवी कशाला? खुर्च्या गरम करायला?" एक मावशी विचारायच्या.

"मग पोलिसांनी काय हात बांधून–" एक काका उठायचे. अध्यक्षबाई मला हलवायच्या. टण्! काका अर्ध्या वाक्यावर खाली. नियमच तसा होता : घंटा वाजेपर्यंत बोलावे.

अशात किल्लीवाल्याची तक्रार आली. पोलीस चौकीतलं कपाट उघडेना, म्हणून साहेबांनीच त्याला बोलावलं होतं. तो कुलपाशी खटपट करत असताना हवालदार आला आणि त्याने चोर पकडला. थोबाडीत दिली, कॉलर धरून बाजारातून फिरवलं.

"अहो, चौकीत चोरी करायला कोण येईल?" मावशींनी विचारलं.

"म्हणूनच तर संशय आला," हवालदार म्हणाला.

किल्लीवाला बोलायला उभा राहिला. थोड्याच वेळात बाईंनी मला उचललं आणि माझा लोलक निसटून कपाटाखाली घरंगळला. बाईंनी मला पुष्कळ हलवलं. मग मला वाजवायला चमचा घेतला.

"चमचा नियमात बसत नाही, बाई," सचिव म्हणाले.

किल्लीवाला गोंधळला. घंटा वाजेपर्यंत पुरेल एवढंच पाठ केलेलं, ते तर संपलं होतं. मग तो हळूच म्हणाला, "गाल काय, बरा झाला. पण आता कोणी घराची किल्ली माझ्या हातात देत नाही. शेजारच्या आजी कुलूप उघडेना म्हणून दिवसभर दाराबाहेर बसून राहिल्या, पण मला हाक मारली नाही."

हवालदार उठला. "कपाटाची किल्ली माझ्याकडूनच हरवली होती. साहेब फाडून खातील या धास्तीत होतो, राग तुमच्यावर निघाला. चुकलो, दादा. उद्या बाजारात येऊन सांगतो."

"उद्या बाजार बंद असतो. परवा या."

पण सचिवांनी नियम काढला. घंटा वाजली नाही, म्हणजे बैठक संपली नाही. बैठक संपली नाही, तर तिच्यात काही झालंही नाही. वरून हुकूम आला, की न मागितलेली माफी कोणी बाजारात जाऊन मागू नये.

हवालदाराने हुकूम पाळला. परवा तो साध्या कपड्यांत बाजारात गेला, स्वतःच्या घराची किल्ली किल्लीवाल्याच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, हिची जोडकिल्ली करून द्या. सावकाश करा. घरी कोणी नाही."

मावशींनी हे पाहिलं, म्हणून मला कळलं. त्यांच्यामागे आजीही रांगेत होत्या म्हणे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी म्हणायला हवं. पण माझ्यासाठी नवा लोलक मागवला आहे. सबब, मा. समितीस नम्र विनंती की, प्रस्तुत घंटेची दुरुस्ती करण्यात येऊ नये. तसेच आजवर ज्यांचे बोलणे तोडण्यात आले, त्या सर्वांना, ते हयात नसल्यास त्यांच्या वारसांना, उर्वरित वाक्य पूर्ण करण्यासाठी सन्मानाने पाचारण करण्यात यावे.